वीस, वीस आणि वीस

रविवार, २ मार्च. दुपार

पोचलो. खोली चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. सूटकेसच्या चार चाकांपैकी एक विमानतळावरच मोडलं. विमान कंपनीला कडक पत्र लिहायचं आहे.

मुक्काम अठरा दिवस. औषधांची खोकी घडी घालून चिकटवणारं मशीन आमची कंपनी घेते आहे. ते इथल्या कारखान्यात चालवून बघायचं, पसंत पडलं तर सही करायची, मग ते जहाजावर चढणार. सही माझी. साहेब म्हणाले, तुमच्या नजरेवर विश्वास आहे. धाकटा बाजूला उभा राहून खिडकीबाहेर बघत होता. धाकटा म्हणजे आमच्या खात्यातला नवा इंजिनियर. नवा म्हणजे चार वर्षांपूर्वीचा. नावाने हाक मारावी असं त्याने अजून काही केलेलं नाही. त्यालाच पाठवावं असं एक मत ऑफिसात होतं. ते वेळीच मोडून काढलं. जूनमध्ये खातेप्रमुखाची खुर्ची रिकामी होते आहे. ही सही म्हणजे तिची पहिली पायरी.

संकल्प. १) रोज पहाटे पाचला फिरणे. २) इथल्या भाषेतले रोज दहा शब्द. ३) अनोळखी माणसापासून अंतर. परदेशात आपणहून हसणाऱ्याला काहीतरी हवं असतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

नोंद करायची राहिली. सूटकेस मी वर आणली नाही. खालच्या चहाच्या दुकानात साठी उलटलेला एक माणूस बसला होता. मी पहिल्या जिन्यावर थांबलेला बघून उठला आणि सूटकेस खांद्यावर घेऊन निघाला. नको म्हणालो. वर पोचल्यावर हमाली पुढे केली, तर हात मागे घेतला. लक्षण ठीक नाही. पैसे घेणारा माणूस परवडतो. तो पैसे घेऊन जातो.

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.४०

पाचला उठणं झालं नाही. प्रवासाचा शीण. उद्यापासून.

संध्याकाळ

कारखाना बघितला. त्यांचा विक्री-इंजिनियर मला दाखवायला नेमला आहे. फार वरच्या दर्जाचा माणूस. दार उघडून धरतो. खुर्ची ओढून देतो. तासाभरात अकरा वेळा सर म्हणाला. आमच्या ऑफिसात अकरा महिन्यांत होत नाही. मशीन हिरवं, देखणं. वीस मिनिटं चालवलं. एक खोकं वाकडं नाही. मग तो म्हणाला, सर, जेवण गार होईल.

धाकट्याने चार पानी यादी टाईप करून दिली आहे. पहिलंच कलम: पूर्ण वेगात सलग एक तास चालवणे. खाली ‘सलग’ला रेघ. मी शाळेत रेघा मारत होतो तेव्हा हा जन्मला नव्हता.

परतताना चहा घेतला. कालचा माणूस आपला कप उचलून माझ्या टेबलावर आला. विचारणं वगैरे नाही. त्याला इंग्रजी येत नाही. चहावालीला येतं, ती कपबशा पुसता पुसता दोन्हीकडचं सांगते. कशासाठी आलात, म्हणे. सांगायचं नव्हतं. सांगितलं. मशीनचं ऐकून तो खूश झाला. चहावाली म्हणाली, हे तिथेच फिटर होते, एकतीस वर्षं, गेल्या साली रिटायर झाले. हे अपेक्षितच होतं. असली माणसं समोरच्याच्या सोयीप्रमाणे कुठेही एकतीस वर्षं असतात.

त्याचं नाव डिंक ठेवलं. अंदाज: याला आपल्याकडे नोकरी हवी आहे.

बुधवार, ५ मार्च

डिंकाने खोलीपर्यंत येऊन मोडकं चाक बघितलं. सूटकेस रिकामी करायला लावली आणि घेऊन गेला. कुठल्या दिशेने जातो ते खिडकीतून पाहून ठेवलं. पोलिसांना सांगायला उपयोगी.

गुरुवार, ६ मार्च

सूटकेस आली. चाकात पितळी बुश बसवला आहे, म्हणजे चाक आणि दांडा यांच्या मधलं कडं. चहावाली म्हणाली, घरच्या लेथवर स्वतः केलं. चकचकीत आहे, ते नाकारत नाही. पण आपल्याकडे कोपऱ्यावरचा माणूस पाच मिनिटांत करून देतो. याला अख्खा दिवस लागला. बाकीची तीन चाकं खडखडतात, हे एक वाजत नाही. चालताना त्यामुळे उगीच चुकल्यासारखं होतं.

सामान मोजलं. एक मोजा कमी. आता बोला.

अंदाज बदलला: नोकरी नव्हे. हात दाखवून आधी उपकार करायचे, मग विमा गळ्यात मारायचा.

शब्द: आजवर दोन. ‘हो’ आणि ‘चहा’.

शनिवार, ८ मार्च

डिंकाने घरी नेलं. नाही म्हणायला शब्द येत नव्हता. दोन खोल्या. एकीत दोघं राहतात, दुसरीत लेथ राहतो. बायकोने घरातली एकुलती एक गादीची खुर्ची मला दिली आणि ती दोघं स्टुलांवर. मी ताठ बसलो. भारावलो आहे असं वाटायला नको. बाईने तीनदा वाढलं. मी तीनदा नको म्हणालो आणि तीनदा खाल्लं. नाही म्हटलं तर यांना वाईट वाटतं, अशी ही साधी माणसं. बौद्धिक खोली अर्थात नाही. भिंतीवर पुस्तक एकही नाही. नुसती हत्यारं, आकाराप्रमाणे लावलेली.

निघताना त्याने दोन कडी माझ्या तळहातावर ठेवली. एक पितळी, एक काळं प्लास्टिकचं. प्लास्टिकचं एका बाजूने फुगलेलं. त्याने ते बोटात घालून फिरवून दाखवलं. अडकलं. मग माझ्याकडे बघत राहिला. मी मान डोलावली. लहान मुलं शिंपले दाखवतात तेव्हा डोलावतो तशी.

एका कागदावर पत्ता लिहून दिला. त्यांच्या लिपीत. मला कसा वाचता येणार, एवढंही सुचू नये.

रविवार, ९ मार्च

खोलीतलं टेबल डुगडुगत होतं. मालकाला तीनदा सांगून झालं. शेवटी पत्त्याचा कागद चौघडी करून पायाखाली घातला. अगदी बरोबर बसला. ही नोंद त्याच टेबलावर लिहितो आहे. पाहा, अक्षर सुधारलं.

सोमवार, १० मार्च

मशीन पुन्हा वीस मिनिटं. उत्तम. मग विक्री-इंजिनियरची मीटिंग निघाली. तो म्हणाला, सर, तुमचा वेळ फुकट गेला, माफी असावी. माफ केलं.

संध्याकाळी डिंक वाटच बघत होता. चहावालीने फडकं खाली ठेवून सगळं सांगितलं, म्हणजे प्रकरण गंभीर असणार. घडी घालणाऱ्या रोलरमध्ये पूर्वी पितळी बुश असायचे, हा स्वतः करायचा. हा गेल्यावर कंपनीने प्लास्टिकचे घातले. अर्ध्या तासात तापतात, फुगतात, रोलर ओढ घेतो आणि खोकी वाकडी पडायला लागतात. वीस मिनिटांत कळणार नाही. सलग तासभर चालवा, वाकडं खोकं दिसलं की त्यांच्याकडून पितळी बुश घालून घ्या, मगच सही करा.

आता सगळा उलगडा झाला. काढून टाकलेल्या कामगाराचा डूख. म्हणजे रिटायर झालेल्या, पण एकच. याला माझ्या खांद्यावर बंदूक ठेवायची आहे.

त्याहून महत्त्वाचं: ‘सलग तासभर’. धाकट्याच्या कलमातले हेच शब्द. हा योगायोग नाही. धाकट्याने इथपर्यंत हात पोचवले आहेत.

बुधवार, १२ मार्च

बायकोचा फोन. तिला कटाची कल्पना दिली. ती म्हणाली, अहो, मग चालवा की तासभर, तुम्हाला काय मशीन ढकलायचंय, बसायचंच तर आहे. टेक्निकल बाजू तिला समजावण्यात अर्थ नाही. मग म्हणाली, तिकडे तुम्हाला जेवलात का विचारणारं कुणी भेटलं हे बरं झालं, माणूस चांगला दिसतोय, त्याच्याशी जरा नीट वागा. मी म्हणालो, मी सगळ्यांशी नीटच वागतो. ती काही बोलली नाही. लाईन खराब असावी.

मोजा घरीच पलंगाखाली असेल का, हे विचारायचं राहिलं.

शनिवार, १५ मार्च

दोन दिवस नोंद नाही. ताप. डिंक गुरुवारी सकाळीच आला. मी चहाला खाली उतरलो नाही म्हणून. डॉक्टरला घेऊन आला, औषधं आणली, खुर्ची पलंगाजवळ ओढून बसला. दोन दिवस. मधूनमधून कपाळाला हात लावतो. गुणगुणतो. सूर बेताचा. मी झोपल्यासारखं केलं तरी जात नाही. आजारी माणसाला गुंडाळणं सोपं, हे ओळखून आहे.

काल चहावालीला वर बोलावून म्हणालो, याला सांगा, इतकं करायची गरज नाही. ती म्हणाली, तुम्हीच सांगा, तो खाली तुमचे कपडे धुतोय.

कपडे इस्त्रीसुद्धा करून आले. मोजे दोन. एक पलंगाखाली होता म्हणे. इथल्याच. बरं.

तापात एकदा वाटलं की मंगळवारी खरंच तासभर चालवून बघावं. ताप उतरल्यावर गेलं.

मंगळवार, १८ मार्च. दुपारी ३

सही झाली.

तिसरं वीस मिनिटांचं चालवणं निर्दोष. तरी मी माझ्या पद्धतीने, अगदी सहज विचारलं, तासभर चालवून बघायचं का. विक्री-इंजिनियर हसला. म्हणाला, सर, जरूर. तासभर साधारण शिकाऊ लोकांना लागतो. तुमच्यासारख्याला मशीनचा आवाज ऐकून कळत असेल. मी डोळे मिटून आवाज ऐकला. कळलं.

फॉर्मवर एक रकाना होता: सलग चालवलेला वेळ. वीस, वीस आणि वीस. साठ. गणित कुठल्याही देशात तेच. ‘सलग’ या शब्दावर कुणी अडून बसेल, पण मधल्या दिवसांत मशीनने दुसरं काही केलेलं नाही. म्हणजे मशीनच्या बाजूने ते सलगच. साठ लिहिलं. विक्री-इंजिनियरने मला पेन भेट दिलं, ज्याने सही केली तेच. यामागे त्याचा काही हेतू नाही, हे माणूस बघितल्यावर कळतं.

संध्याकाळ

डिंकाने विचारलं, तासभर चालवलं का. हो म्हणालो. त्यांच्याच भाषेत म्हणालो, दोनपैकी एक शब्द कामाला आला. त्याने आणखी काही विचारलं. चहावाली म्हणाली, खोकी कितव्या मिनिटाला वाकडी पडली, असं विचारतोय. म्हणालो, पडली नाहीत.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग आपला चहा संपवला आणि माझाही कप उचलून आत ठेवून आला. अखेर गप्प बसला. अशा लोकांना एकदा ठामपणे सांगावं लागतं.

गुरुवार, २० मार्च. विमानतळ

निघालो. सूटकेस डिंकानेच खाली आणली. बस यायच्या आधी त्याने खिशातून पुडकं काढलं, रुमालात बांधलेलं. लहान, पण वजनदार. चहावाली म्हणाली, मशीनसाठी, दोन नग, सोबत बसवायचं चित्र आहे, परवा रात्रीपासून लेथवरच होता. गरज नाही पडली तर उत्तम, म्हणाला.

मशीनसाठी म्हणे.

घेतलं. बस सुटली तेव्हा तो हात हलवत होता. मी घड्याळ बघितलं. वेळेवर होती.

विमानतळावर जागोजाग पाट्या: अनोळखी माणसाने दिलेली वस्तू नेऊ नका. पाटी वाचली आणि एकदम सगळं लख्ख झालं. नोकरी नाही, विमा नाही, डूखही नाही. अठरा दिवस चहा, चाक, औषध, इस्त्री, सगळं कशासाठी? पार्सल न्यायला एक माणूस हवा होता! पुडकं न उघडता कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ठण् असा आवाज झाला. रुमाल नवा होता, तो ठेवून घ्यायला हरकत नव्हती, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

संकल्प क्र. ३ पूर्ण पाळला. तीनपैकी एक, म्हणजे तेहेतीस टक्के. पास.

सोमवार, २४ मार्च

ऑफिस. साहेब खूश. डबा खाताना सगळ्यांना ‘परदेशात माणूस कसा ओळखावा’ यावर अर्धा तास सांगितलं. धाकट्याने एकच विचारलं, सलग चालवलं ना. मी रकाना दाखवला. तो म्हणाला, मग प्रश्नच नाही. चेहरा पडला होता, किंवा तो तसाच आहे.

सोमवार, १९ मे. रात्री

मशीन बसलं. साहेबांनी बटण दाबलं. औषध कंपनीचे दोन पाहुणे होते. खोकी अशी सरसर पडत होती की एक पाहुणा म्हणाला, वा. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खातेप्रमुखाच्या खुर्चीचं कापड बदलायला हवं, असं मनात येऊन गेलं.

अडतिसाव्या मिनिटाला एक खोकं वाकडं पडलं. मी ते बुटाने टेबलाखाली सारलं. मग दुसरं. मग इतकी की बूट पुरेना.

पाहुण्यांना म्हणालो, हवेतला दमटपणा. एकाने कपाळाचा घाम पुसून म्हटलं, आमची औषधंही याच हवेत विकायचीत. धाकटा घड्याळ बघत होता. दुसऱ्याच्या अडचणीत घड्याळ बघणं ही वृत्ती.

बुधवार, २१ मे

धाकट्याने रोलर उघडला. काळी प्लास्टिकची दोन कडी, एका बाजूने फुगलेली. त्याने त्यातलं एक माझ्या तळहातावर ठेवलं. कुठेतरी बघितल्यासारखं वाटलं.

विक्री-इंजिनियरला मी स्वतः पत्र धाडलं. माझ्या शब्दाला तिथे वजन आहे.

सोमवार, २६ मे

उत्तर आलं. पत्रात सर एकदाही नाही. तुमच्या अधिकाऱ्याने सलग साठ मिनिटं चालवून सही दिलेली आहे, सबब कंपनीवर जबाबदारी नाही. नवे बुश चार महिन्यांनी. आणि पुढे: तथापि आमचे एक निवृत्त फिटर चौकशीला आले होते. त्यांच्या सांगण्यानुसार त्यांनी स्वखुशीने केलेले दोन पितळी बुश वीस मार्चला तुमच्या अधिकाऱ्याच्याच हाती दिले आहेत. ते बसवावेत, काम होईल.

साहेबांनी हे मोठ्याने वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, कुठे आहेत? म्हणालो, सुरक्षेच्या नियमानुसार. ते म्हणाले, नियम कुठे आहेत असं नाही विचारलं. मग फॉर्म काढून म्हणाले, साठ मिनिटं सलग चालवलं होतं? मी वीस, वीस आणि वीस समजावून सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या विसाला त्यांनी हात वर केला.

बायकोला सांगितलं. ती पोळ्यांचा डबा पुसत होती. म्हणाली, दोन रात्री जागून केले होते ना त्याने. मी म्हणालो, तुला सुरक्षेचा प्रश्न कळत नाही. ती म्हणाली, पोचल्याचं पत्र तरी टाकलंत का त्याला? पत्त्याचा विषय मी निघू दिला नाही.

ते टेबल मात्र अजून डुगडुगत नसेल.

शुक्रवार, ३० मे

खातेप्रमुखाचा कागद नोटीस बोर्डावर लागला. धाकट्याला आता नावाने हाक मारावी लागेल. साहेब म्हणायचं की नुसतं नाव, हे उद्या ठरवू.

रविवार, १ जून

धाकटा तिकडे निघाला आहे. त्या फिटरला गाठून बुश करून आणायचे, जमलं तर त्यालाच आठ दिवस इकडे आणायचं, असं साहेबांनी ठरवलं आहे. आज तो घरी आला. ती कंपनी जुन्या कामगारांचे पत्ते देत नाही, म्हणून माझ्याकडे पत्ता मागितला. नाही म्हणालो. फोन? नाही. नाव तरी? आत जाऊन रोजनिशी चाळून आलो. अठरा दिवसांत नुसता डिंक.

बायको चहा घेऊन आली आणि माझी सूटकेस ओढत बाहेर घेऊन आली. म्हणाली, ही न्या भाऊजी, एक चाक फार छान चालतं. त्याने ती आडवी केली, चाक बोटाने फिरवलं. फिरत राहिलं. तो वाकून बघत होता, मी दुसरीकडे.

मग म्हणाला, पण मी त्यांना ओळखू कसं?

मी म्हणालो, सोपं आहे. माझ्याच खोलीवर उतर. खाली चहाचं दुकान आहे. सूटकेस घेऊन जिना चढायला लाग आणि पहिल्या वळणावर थांब. एक माणूस उठेल.

तो म्हणाला, आणि नाही उठला तर?

उठेल, म्हणालो.

उद्यापासून पाचला फिरायला जाणे.